व्होकी एसएम १० सँड वेज: तोंड नको, तळ बघा

गोल्फमधली सँड वेज, म्हणजे बंकरमधून (मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्यातून) चेंडू काढायचा क्लब, विकत घेताना लोक ती तोंडाकडून, म्हणजे चेंडूवर आपटणाऱ्या बाजूकडून बघतात. खाचांवरून नख फिरवतात, स्पिन (फिरकी) किती मिळेल ते विचारतात, लॉफ्टचा (तोंडाच्या कलाचा) आकडा वाचतात आणि पैसे मोजतात. क्लब उलटा धरून त्याचा तळ बघणारं गिऱ्हाईक विरळाच. खरं तर सँड वेजचं सगळं वेगळेपण त्या तळात आहे. तोंड तिला इतर आयर्नसारखंच (चपट्या लोखंडी डोक्याच्या क्लबांसारखंच) असतं.

टायटलिस्टची व्होकी एसएम १० ही वेजची मालिका २०२४ च्या सुरुवातीला आली. त्यातली ५६ अंशांची वेज चार वेगवेगळ्या तळांमध्ये मिळते: ५६.१४ एफ, ५६.१० एस, ५६.१२ डी आणि ५६.०८ एम. पहिला आकडा लॉफ्टचा, टिंबानंतरचा बाउन्सचा आणि अक्षर ग्राइंडचं, म्हणजे तळ कुठे आणि किती घासून काढलाय त्याचं. चौघींचं तोंड एक, शाफ्ट (दांडा) एक, किंमतही एकच. तरी एकाच वाळूत त्या चार निराळ्या क्लबांसारख्या वागतात. म्हणून 'एसएम १० कशी आहे?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कुठली?' हे आधी ठरवावं लागतं.

बाउन्स म्हणजे काय ते दुकानातल्या फरशीवरच दिसतं. क्लब नेहमीसारखा, तोंड सरळ ठेवून टेकवा. पुढची धार फरशीपासून किंचित उचललेली दिसेल आणि तळाचा मागचा फुगवटा टेकलेला असेल. धार आणि फुगवटा यांच्यातला हा कोन म्हणजे बाउन्स. धार आधी आत घुसली तर क्लब कुदळीसारखा रुततो. फुगवटा आधी टेकला तर होडीच्या तळासारखा वाळूवरून सरकतो. सँड वेजचं सगळं शास्त्र एवढंच, आणि ते एका माणसाने क्लबला शिशाचे डाग (सोल्डर) देऊन सिद्ध केलं.

तो माणूस जीन साराझेन. जन्म २७ फेब्रुवारी १९०२, न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरिसन गावी. मूळ नाव युजेनिओ साराचेनी. आईवडील इटलीतून आलेले, वडील सुतार. आठव्या वर्षापासून कॅडीचं, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहायचं काम, शाळा अर्धवट, ऐन तरुणपणी फुप्फुसाच्या दुखण्याने जिवावर बेतलेलं. बरं झाल्यावर उघड्यावरचं काम कर असा सल्ला मिळाला, तो त्याने गोल्फच्या मैदानावर पाळला. मूळ नाव व्हायोलिन वाजवणाऱ्याचं वाटतं म्हणून त्याने ते बदललं, असं तो सांगायचा. उंची साडेपाच फुटांच्या आसपास. १९२२ साली, विशी नुकतीच गाठलेली असताना, शिकागोजवळच्या स्कोकी क्लबवर शेवटच्या फेरीत ६८ मारून त्याने यूएस ओपन जिंकली. बॉबी जोन्स एका फटक्याने मागे राहिला. त्याच वर्षी ओकमाँटला पीजीए चॅम्पियनशिप जिंकली आणि पुढच्या वर्षी पेलमला ३८ व्या होलपर्यंत लांबलेल्या अंतिम सामन्यात वॉल्टर हेगनला हरवून ती राखली.

आणि मग मोठ्या स्पर्धांत थेट १९३२ पर्यंत दुष्काळ. छोट्या-मोठ्या स्पर्धा तो जिंकत होता, पण मोठी एकही नाही. कारणं बरीच असतील, पण त्याच्या स्वतःच्या मते एक मोठं कारण बंकर होतं. त्या काळी वाळूतून चेंडू काढायला निब्लिक वापरत. लॉफ्ट भरपूर, पण तळ पातळ आणि धार पुढे. चेंडूच्या मागे वाळूत मारायला जावं तर निब्लिक खोल रुतायचा आणि चेंडू जागीच. ते टाळायचं तर चेंडूच थेट टिपावा लागे, म्हणजे केसभर चूक झाली की चेंडू ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवताच्या पल्याड. आज जो फटका सर्वांत सुरक्षित मानतात, चेंडूला स्पर्शच न करणारा, तो त्या क्लबने जवळपास अशक्य होता. दोष खेळाडूत नव्हता, हत्यारात होता.

वाळूसाठी खास क्लब काढण्याचा प्रयत्न त्याच्या आधी झाला होता, हे इथे सांगायला हवं, कारण 'सँड वेजचा जनक साराझेन' असं सरधोपट लिहिलं जातं. टेक्सासच्या एडविन मॅक्लेनने १९२८ मध्ये पळीसारख्या खोलगट तोंडाच्या, जाड तळाच्या क्लबचं पेटंट घेतलं होतं. १९३० च्या ब्रिटिश ओपनमध्ये बॉबी जोन्सने तसलाच क्लब एका निर्णायक फटक्यासाठी वापरला. पण खोलगट तोंडामुळे चेंडू एकाच फटक्यात दोनदा लागू शकतो, म्हणून १९३१ मध्ये त्यावर बंदी आली. मॅक्लेनचा तळ चांगला होता, तोंडाने घात केला.

साराझेनने तोंडाला हातच लावला नाही. १९३१-३२ च्या हिवाळ्यात तो फ्लोरिडातल्या न्यू पोर्ट रिचीला होता. त्याच सुमारास तो विमान चालवायला शिकत होता. उड्डाणाच्या वेळी शेपूट खाली जातं आणि नाक वर येतं, हे बघून त्याला कल्पना सुचली असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं. त्याने निब्लिकच्या मागच्या बाजूला, खालच्या कडेशी शिशाचे डाग दिले. मागचा भाग धारेपेक्षा खाली येईल इतके. मग वाळूत मारायचं, घासायचं, पुन्हा डाग द्यायचा, पुन्हा मारायचं. क्लब मागच्या फुगवट्यावर आपटून वाळू उडवायला लागला आणि चेंडू त्या वाळूवर स्वार होऊन बाहेर पडू लागला. या डागडुजीचा दुसरा फायदाही झाला: क्लबचं डोकं जड झालं. वाळू वेग खाते, आणि जड डोकं वाळूत सहज थांबत नाही.

१९३२ च्या ब्रिटिश ओपनसाठी तो केंटमधल्या प्रिन्सेस मैदानावर गेला, तेव्हा आदल्याच वर्षीची बंदी त्याच्या डोक्यात होती. आयोजकांनी क्लब आधी पाहिला तर आक्षेप घेतील या भीतीने सरावाच्या दिवसांत तो क्लब बॅगेत उलटा ठेवायचा आणि रात्री कोटाखाली लपवून हॉटेलात न्यायचा, हा किस्सा त्याचाच. स्पर्धा सुरू झाल्यावर लपवाछपवी संपली. ७०, ६९, ७०, ७४, एकूण २८३: ब्रिटिश ओपनचा तोवरचा विक्रम, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मॅकडोनल्ड स्मिथपेक्षा ५ फटके कमी. थोड्याच दिवसांत न्यूयॉर्कच्या फ्रेश मेडोवर यूएस ओपन. पहिल्या दोन फेऱ्या जपून खेळला आणि ७४ व ७६ वर अडकला. मग जपणं सोडलं. शेवटचे २८ होल त्याने १०० फटक्यांत पुरे केले, अखेरची फेरी ६६. ज्याला बंकरचं भय उरलं नाही तो झेंड्याच्या दिशेने थेट मारू शकतो. वाळूच्या क्लबचा फायदा वाळूबाहेरही असा मिळतो, आणि धावफलकात तो वेगळा लिहिलेला नसतो.

विल्सन कंपनीशी त्याचा करार १९२३ पासूनचा. त्या कंपनीने हा क्लब आर-९० या नावाने बाजारात आणला आणि काही वर्षांत सँड वेज नसलेली बॅग दिसेनाशी झाली. १९३८ मध्ये बॅगेत १४ क्लबांची मर्यादा आली, तेव्हा बाकी पुष्कळ क्लब हद्दपार झाले, हा टिकला.

आता परत दुकानात.

एसएम १० ची डोकी ८६२० या मऊसर कार्बन स्टीलची, ओतीव. नेहमीचा शाफ्ट ट्रू टेंपर डायनॅमिक गोल्ड एस२००, म्हणजे पोलादी आणि जड. हे जडपण वेजला शोभतं. पण तुमच्या आयर्नना हलके ग्रॅफाइट शाफ्ट असतील, तर या शाफ्टची वेज हातात अचानक हातोड्यासारखी वाटेल आणि पूर्ण फटक्याची लय बिघडेल. अशांनी शाफ्ट बदलूनच मागवावी. विक्रेते हे आपणहून सुचवतातच असं नाही, कारण तयार माल पडून असतो.

५६.१४ एफ. तयार मालात सहज सापडते ती बहुतेक हीच, आणि सर्वांत जास्त चुकीच्या हातात पडते तीही हीच. तळ रुंद, कुठेच फारसा न घासलेला, बाउन्स १४. तोंड सरळ ठेवून मारलेल्या फटक्यासाठी ही उत्तम: खोल भुसभुशीत वाळू, दाट गवत, ८०-९० मीटरचा पूर्ण फटका. क्लब वरून उभा खाली आणणाऱ्यांना, म्हणजे फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) बोट-बोट खोल ढेकळं काढणाऱ्यांना, ही सांभाळून घेते. पण हिचं तोंड उघडून बघा. फरशीवर ठेवून टोक उजवीकडे फिरवलं की टाचेकडचा न घासलेला भाग टेकतो आणि पुढची धार ताडकन वर उचलली जाते. टणक जमिनीवर किंवा बसलेल्या वाळूत असं उघडं तोंड घेऊन माराल तर तळ टप्पा खाईल, धार चेंडूच्या पोटात बसेल आणि चेंडू समोरच्या कडेवर किंवा क्लबहाउसच्या दिशेने.

५६.१० एस मध्ये मागची कड पट्टीसारखी घासलेली असते, त्यामुळे आकड्याच्या मानाने तळ अरुंद वागतो. फारसं तोंड न उघडता खेळणाऱ्या, पण फेअरवेवरून स्वच्छ पिच (ग्रीनकडे जाणारा उंच, छोटा फटका) मारणाऱ्या खेळाडूची ही वेज. दोष काही नाही, चमत्कारही काही नाही. एकच सँड वेज घ्यायची आणि आपला फटका नेमका कसा आहे ते माहीत नाही, अशा माणसाला हीच द्यावी.

५६.०८ एम चा तळ टाच, टोक आणि मागची कड अशा तिन्ही बाजूंनी घासलेला, चंद्रकोरीसारखा. तोंड कितीही उघडा, धार जमिनीला धरून राहते. हात चांगला असलेल्या खेळाडूच्या हातात ही सर्वांत बोलकी. पण ताज्या, खोल, कोरड्या वाळूत, तोंड सरळ ठेवून, वरून उभा फटका मारणाऱ्याला ही साराझेनच्या जुन्या निब्लिकची आठवण करून देईल: रुतेल. एम विकत घेणाऱ्यांतले निम्मेअधिक लोक ती व्यावसायिक खेळाडूंच्या बॅगेत दिसते म्हणून घेतात, असं माझं मत आहे. ते खेळाडू दररोज एकसारख्या उत्तम वाळूत सराव करतात, हे मात्र विसरलं जातं.

५६.१२ डी. या चारांत माझी पसंती हिला. आकार एम सारखा घासलेला, पण बाउन्स १२. म्हणजे तोंड उघडता येतं आणि तळाचा आधारही सुटत नाही. वीकेंडला खेळणाऱ्या, हँडिकॅप (म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) १२ ते २४ च्या माणसाला बंकरसाठी ५६ मध्ये यापेक्षा बरी निवड या मालिकेत नाही. फक्त वाळूचाच विचार केला तर सर्वांत क्षमाशील तळ के ग्राइंडचा आहे, रुंद आणि कमानदार. पण तो ५६ मध्ये येतच नाही, ५८ आणि ६० मध्येच मिळतो. ही या मालिकेची खरी उणीव. बंकरमध्ये मदतीची सर्वांत जास्त गरज असलेला खेळाडू ५६ च वापरतो, आणि सर्वांत मदतगार तळ मात्र किमान दोन अंश पुढे.

बाउन्सचा आकडा हा शेवटचा शब्द नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. आकडा फक्त कोन सांगतो. तळ किती रुंद, किती वाटोळा, कुठे घासलेला, हे आकड्यात येत नाही. अरुंद तळाचा १२ आणि रुंद तळाचा १० यांत वाळू दुसऱ्याला जास्त उचलून धरू शकते. आणि हातांची जागा बदलली की आकडाच बदलतो. फटक्याच्या क्षणी हात चेंडूच्या पुढे नेऊन शाफ्ट ६ अंश पुढे कलवला, तर ५६.१० ची वेज त्या क्षणी साधारण ५० लॉफ्टची आणि ४ बाउन्सची झालेली असते. 'बाउन्स असूनही क्लब रुततो' ही तक्रार घेऊन येणाऱ्यांत हे कारण सर्वांत जास्त आढळतं: आयर्नच्या फटक्यात शिकलेली सवय, हात पुढे दाबायची, ती वाळूतही तशीच. दोन हजारांची असो की वीस हजारांची, दाबलेल्या हातांपुढे कुठल्याच वेजचा तळ टिकत नाही.

म्हणून वापराची रीत, क्रमाने. आधी तोंड उघडा, मग पकड घ्या. उलट केलंत, म्हणजे पकड घेऊन मनगटाने तोंड उघडलंत, तर खाली येताना मनगट मूळ जागी परतेल आणि तोंड सरळ होईल. पाय वाळूत थोडे फिरवून रुतवा. त्याने तोल येतो आणि वाळू खाली किती टणक आहे ते नियम न मोडता कळतं. हाताने किंवा क्लबने वाळू चाचपायची नाही, चेंडूच्या लगेच पुढे-मागे क्लब टेकवायचा नाही, सरावाच्या फटक्यातही वाळूला स्पर्श नको. दोन फटक्यांचा दंड आहे. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत, वजन किंचित डाव्या पायावर, शाफ्ट सरळ उभा किंवा अगदी थोडा मागे कललेला. नजर चेंडूवर नाही, चेंडूच्या ५ सेंटीमीटर मागच्या वाळूवर. तिथे तळ उतरला की चेंडूखालून थालीपीठाएवढा पातळ वाळूचा थर निघतो आणि चेंडू त्यावर बसून बाहेर येतो. वेग मात्र कमी करायचा नाही. गवतावरून तेवढ्याच अंतरासाठी जो फटका लागतो त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठा फटका इथे लागतो. मध्येच थबकलेला फटका हा बंकरमध्ये दुसरा फटका मारायला लावणारा दोष क्रमांक दोन. क्रमांक एक, हात पुढे दाबण्याचा, वर सांगितलाच.

चेंडू वाळूत अर्धा गाडला गेला असेल तर वरचं सगळं उलटं. आता रुतायलाच हवं. तोंड सरळ किंवा किंचित बंद, चेंडू थोडा मागे, हात पुढे, फटका उभा. बाउन्स मारून टाकायचा. चेंडू कमी उंच जाईल आणि ग्रीनवर खूप पळेल, ते गृहीत धरूनच जागा निवडायची. गाडल्या गेलेल्या चेंडूला एफ किंवा डी ने तोंड उघडून मारणं म्हणजे रुतलेल्या बैलगाडीला वरून ढकलण्यासारखं.

आपल्याकडे या वेजच्या निवडीत पाऊस एक निर्णायक गोष्ट आहे. चेंबूर असो की येरवडा, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत बंकरमधली वाळू ओली, दबलेली आणि वरून कवच धरलेली असते. अशा वाळूवर १४ बाउन्सचा तळ, तोंड उघडून, दगडावर आपटल्यासारखा उसळतो. एफ असेल तर पावसाळ्यात तोंड सरळ ठेवूनच मारा, ५ ऐवजी ३ सेंटीमीटर मागे उतरा आणि फटका लहान करा, कारण ओल्या वाळूतून चेंडू जोरात आणि चपटा निघतो. फेब्रुवारी ते मे मध्ये तीच वाळू कोरडी होते, तेव्हा बाउन्स आपला मित्र. वाळूचा कणही बघावा. नदीच्या गोलसर कणांच्या वाळूत चेंडू सहज रुततो आणि क्लबही. दगड फोडून केलेल्या टोकदार कणांच्या वाळूत कण एकमेकांत अडकून थर टणक बसतो. घरचं मैदान पहिल्या प्रकारचं असेल तर १२-१४, दुसऱ्या प्रकारचं असेल तर ८-१०. बंकरमध्ये पाणी साचलं असेल तर दंड न घेता बंकरमध्येच कोरड्या जागी, होलच्या जवळ न जाता, चेंडू टाकता येतो. बंकरच्या बाहेर, मागे टाकायचा असेल तर एक फटका मोजावा लागतो.

दोन वेज परवडत असतील तर दोघींचा बाउन्स सारखा घेऊ नये. ५२.०८ आणि ५६.१२, किंवा ५६.१४ आणि ६०.०८, अशी उलटसुलट जोडी ठेवली की ऋतू आणि वाळू दोन्ही सांभाळता येतात. लॉफ्टमधलं अंतर ४ ते ६ अंशांचं ठेवा. आजकालच्या आयर्न संचातली पिचिंग वेज ४३-४५ अंशांची असते. थेट तिच्यावरून ५६ वर उडी मारली की मध्ये मोठं भगदाड पडतं.

आता तोंडाबद्दल. एसएम १० च्या खाचा यंत्राने काटेकोर कोरलेल्या आहेत आणि नियमाच्या मर्यादेला अगदी टेकलेल्या. २०१० पासून खाचांचं आकारमान आणि कडांचा धारदारपणा यांवर कडक बंधन आहे, त्यामुळे नावाजलेल्या कंपन्यांच्या नव्या वेजमध्ये स्पिनचा फरक जाहिरातीतल्याइतका उरलेला नाही. फेअरवेवरून ४०-६० मीटरचा पिच मारताना नवी खाच आणि झिजलेली खाच यांत फरक दिसतो, चेंडू नव्या खाचेने एक टप्पा घेऊन थांबतो. कंपनी ७५ फेऱ्यांनंतर वेज बदलायला सांगते. विकणाऱ्याचा सल्ला म्हणून तो थोडा सोडून द्यावा, पण पूर्ण खोटा नाही. बंकरमध्ये मात्र चेंडू आणि तोंड यांच्यामध्ये वाळू असते. तिथे खाच झिजली की नाही हे चेंडूला जवळपास कळतच नाही. उलट वाळूच खाचा सर्वांत लवकर खाते. म्हणून बंकरचा सराव जुन्या, झिजलेल्या वेजने करावा, फक्त तिचा तळ नव्यासारखाच असावा.

तोंडापेक्षा तळ मोठा, याचं सर्वांत सुंदर उदाहरण पुन्हा साराझेनच. १९३५ साली ऑगस्टाला मास्टर्स स्पर्धेत १५ व्या होलवर सुमारे २३५ यार्डांवरून ४ नंबरच्या वुडने चेंडू थेट होलमध्ये घालून त्याने तीन फटक्यांची पिछाडी एका फटक्यात भरून काढली, दुसऱ्या दिवशी ३६ होलच्या प्लेऑफमध्ये क्रेग वुडला हरवलं आणि चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा पहिला खेळाडू ठरला. त्याचं नाव त्या फटक्याशी जोडलं गेलं ते कायमचं. पण वेजच्या परीक्षणात महत्त्वाची ती १९७३ ची ट्रूनची ब्रिटिश ओपन. वय ७१. पोस्टेज स्टँप म्हणतात तो १२६ यार्डांचा ८ वा होल, इवलीशी ग्रीन, भोवती खोल बंकर. पहिल्या दिवशी त्याने तिथे ५ नंबरच्या आयर्नने एका फटक्यात होल गाठला. दुसऱ्या दिवशी टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) मारलेला चेंडू बंकरमध्ये गेला, तर तिथून सँड आयर्नने थेट होलमध्ये. त्या होलवर दोन दिवसांत तीन फटके, पटर (ग्रीनवर चेंडू ढकलायचा क्लब) बॅगेतच. सत्तरी ओलांडल्यावर अंगातला जोर जातो, नजर जाते. तळाचं काम मात्र तेच राहतं.

किमतीकडे येऊ. अमेरिकेत एसएम १० चा भाव १८९ डॉलर होता, आपल्याकडे आयातशुल्क धरून अर्थातच चढा. हे पैसे चोख घडणीचे, तळाच्या एवढ्या पर्यायांचे आणि थोडे नावाचे. तळ नीट निवडला तर महाग नाही. न निवडता रॅकवरची पहिली उचलली तर निम्म्या किमतीची, रुंद तळाची, कुठल्याही साध्या कंपनीची वेज बंकरमध्ये तिच्यापेक्षा बरी. विल्सनसारख्या कंपन्यांच्या साध्या सँड वेजही याच तत्त्वावर चालतात, फक्त त्यात तळ निवडायला मिळत नाही.

लॉफ्ट वाकवून घेण्याचा मोह अनेकांना होतो. हे स्टील दोन अंशांपर्यंत सुखरूप वाकतं. पण लॉफ्ट जितके अंश कमी कराल तितकाच बाउन्सही कमी होतो: ५६.१० वाकवून ५४ केली की ती ५४.०८ झाली. उलट दिशेनेही तसंच. एम ग्राइंड रुतत असेल तर तिला एक-दोन अंश जास्त लॉफ्टकडे वाकवणं हा फुकटातला बाउन्स आहे.

जुनी घेत असाल तर आधी चुंबक लावा. कार्बन स्टीलला तो चिकटतो. नकली डोकी पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूची असतात, त्यांना चिकटत नाही. (चिकटला म्हणजे अस्सल, असंही नाही, पण न चिकटला तर पुढे बोलायचं कारण नाही.) मग तळावरचा आकडा आणि प्रत्यक्ष तळ जुळतो का ते बघा. आधीच्या मालकाने ग्राइंडरवर टाच घासून घेतलेली असू शकते, आणि मग १४ एफ नावापुरतीच उरते. लॉफ्ट मोजण्याच्या साधनावर लॉफ्ट तपासून घ्या. पुढच्या धारेवर दगडाचे ठोके असतील तर कानशीने साफ होतात, पण धार मध्यभागी चपटी झाली असेल तर सोडून द्या.

फिनिशमध्ये क्रोम सर्वांत टिकाऊ. काळी दिसायला देखणी, पण तळावरचा रंग वाळू काही महिन्यांत खरवडते. मुलामा नसलेली कच्ची वेज मुंबईच्या आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत दोन-तीन फेऱ्यांत तांबूस होते. गंजाने स्पिन वाढतो हा गैरसमज आहे, आणि वरवरच्या गंजाने खेळ बिघडतो हाही. फेरी संपल्यावर खाचांतली वाळू नायलॉनच्या ब्रशने काढावी, क्लब कोरडा पुसावा, तळाला आणि धारेला मशीनच्या तेलाचा एक हलका हात द्यावा, आणि पावसाळ्यात ओल्या हेडकव्हरमध्ये बंद करून ठेवू नये.